गावाची पत्रं वाचणाऱ्या वेणूबाई

दमलेली मास्तरीण ओळखायची कशी, हे मला ट्रेनिंग कॉलेजात कुणी शिकवलं नाही. फळ्यावर अक्षर केवढं काढावं, बेरजा कशा घालाव्यात, मुलींनी घातलेले टाके कसे तपासावेत, हे सगळं शिकवलं. पण जिच्या जिवावर शाळा चालते ती बाई आतून संपत आली आहे हे कशावरून कळतं, याबद्दल एक ओळही नव्हती. ते मी पुढं चुकत चुकत शिकले. त्यातली एक चूक अशी आहे की ती लिहून टाकलेली बरी.

लढाईच्या वर्षांत मी जिल्ह्यातल्या मुलींच्या शाळा तपासत असे. वर म्हसवड, खाली पलूस, मध्ये कऱ्हाड-उंब्रज. सर्व्हिस मोटार जाईल तिथवर मोटार, पुढं बैलगाडी, गाडीवानाचा बैल अडला की पायी. खेड्यात शाळा तपासणाऱ्याला दिपोटी म्हणतात, म्हणून मी दिपोटीनबाई. काम बाहेरून वाटतं तेवढं अवघड नाही. हजेरीपट बघायचा, वर्गावर्गांतून वाचन घ्यायचं, चार हिशेब घालायचे, शिवण उलटून बघायचं, आणि निघताना शाळेच्या शेरेबुकात आपलं मत लिहून सही करायची. ते बुक शाळेतच राहतं. मला ते दोन ओळींचं काम वाटायचं. गावाला ते काय वाटतं, याची मी चौकशी केली नव्हती.

बायकांच्या थकव्यावर रजा हा उपाय आहे असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. म्हसवडच्या बाईंना एकदा मी आपण होऊन महिन्याची रजा दिली. परत आल्या त्या डोळे खोल गेलेल्या. मी विचारलं, "काय केलंत महिनाभर?"

"धाकट्या दिराचं लग्न निघालं. शेवया, पापड, रोज पायलीभर दळण. आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं पाणी."

हीच गोष्ट मी पलूसच्या बाईंना सांगितली, कारण त्यांनाही मी रजेचं सुचवत होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "रजा कसली देताय बाईसाहेब, त्यापेक्षा शाळेला आणखी दोन वर्ग जोडा. तेवढीच विश्रांती."

तेव्हापासून रजा देताना ती कुठं काढणार हेही मी विचारू लागले. कचेरीतल्या कारकुनांना हा चोंबडेपणा वाटे.

दुसरी समजूत अशी की दमलेल्या बाईची शाळा गबाळी असणार. तसं नसतं. गबाळी शाळा बहुधा आळशी बाईची किंवा फार आनंदी बाईची असते. दमलेल्या बाईची शाळा नीटनेटकी असते आणि तिथं आवाज नसतो. सगळ्या वह्यांवर बरोबरच्या खुणा सारख्या, चुकलेल्या बेरजेवरसुद्धा. हजेरीपटावर आठवडाभराची शाई एकाच दिवशीची. हे बारकावे मला आज कळतात. वेणूबाईंच्या शाळेत मी ते सगळे पाहिले होते आणि त्यांना उत्तम शेरा देऊन आले होते.

वेणूबाईंचं गाव उंब्रजपासून दोन कोस आत. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथंच आहेत. वेणूबाई मूळच्या वाईच्या. सोळाव्या वर्षी विधवा झाल्या, भावानं ट्रेनिंगला पाठवलं, आणि तिशीच्या आतच त्या या गावात एकशिक्षकी शाळा चालवू लागल्या. चार इयत्ता, चाळीसेक मुली, त्यांच्या कडेवरची भावंडं वेगळी. शाळेशेजारच्या खोलीत एकट्या राहायच्या. नोकरी गेली तर भावाच्या स्वयंपाकघरात परत जायचं, आणि वहिनीनं ते आधीच बोलून दाखवलं होतं.

गाव फौजी माणसांचं. घरटी एक तरी पोरगा लढाईवर. मुलांच्या शाळेचे मास्तर होते, पण बायका त्यांच्याकडं पत्र घेऊन कशा जाणार? म्हणून पत्र आलं की ते वेणूबाईंकडं यायचं. त्या वाचून दाखवायच्या आणि उत्तरही लिहून द्यायच्या. पहिल्या तपासणीला हे कळल्यावर मला इतकं कौतुक वाटलं की मी शेरेबुकात लिहिलं, "शिक्षिका गावातील स्त्रियांचा सर्व पत्रव्यवहार सांभाळतात. अत्यंत स्तुत्य. या कार्यात खंड पडू नये." आणि बाकीच्या शाळांनाही कळवलं की असं काहीतरी करा.

पुढच्या वर्षी गेले तेव्हा शाळा चिडीचूप होती. मी लिहिलं, "शिस्त उत्तम."

तिसऱ्या वर्षी मी एक नवं डोक्यात घेऊन गेले होते. चौथीच्या मुली वाचनपुस्तक घडाघडा म्हणतात, कारण ते पाठ असतं. हातानं लिहिलेलं त्यांना वाचता येतं का, हे बघायला हवं होतं. म्हणून मी आदल्या दिवशी निरोप पाठवला: चौथीच्या मुलींनी घरातलं एखादं पत्र घेऊन यावं.

तपासणीच्या दिवशी गावातल्या बायका दिपोटीनबाई बघायला येतात. त्या दिवशीही चार-पाच जणी पायरीवर बसल्या होत्या. त्यात तानूबाई होती. साठीची, अंगानं काटक. तिचा धाकटा मुलगा बाबू फौजेत होता. तिची नात हौसा चौथीत होती आणि तिनं बाबूकाकाचंच पत्र आणलं होतं.

हौसा उभी राहिली. सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. "तीर्थरूप मातोश्री तानूबाई यांचे चरणी बालके बाबू याचा साष्टांग नमस्कार. इकडील सर्व खुशाल असून तुमची खुशाली कळवीत जावी." पुढं आत्या, मामा, शेजारी, पाटील, सगळ्यांना नमस्कार. म्हशीची चौकशी. पायरीवरची तानूबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. तिला ते तोंडपाठ होतं.

मग पोरीनं पान उलटलं.

"कळविण्यास कारण की, माझे पायास गोळी लागून पाय गुडघ्याखाली काढला आहे. पुण्यास लष्करी इस्पितळात आणले आहे. जीवास भीती नाही. मातोश्रींना घेऊन कोणी यावे. वाट पाहतो."

तानूबाई उठून आत आली. पत्र हौसाच्या हातातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं, आणि माझ्याकडं वळली.

"आवं बाईसाब, ह्ये न्हवतं यात. बाईंनी वाचलं तवा ह्ये न्हवतं."

"कधी वाचलं?"

"सुगीच्या आदी. दीड म्हैना झाला."

मी वेणूबाईंकडं बघितलं. त्या खुर्चीला धरून उभ्या होत्या. चेहऱ्यावर पकडलं गेल्याची भीती नव्हती. हौसानं काय वाचलं ते त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या, हे मला दिसलं.

तानूबाई नातीचा हात धरून गेली, आणि त्याच दुपारी थोरल्या मुलाला घेऊन स्टेशनाकडं निघाली.

मी मुलींना सुट्टी दिली आणि वेणूबाईंना त्यांच्या खोलीत घेऊन गेले. रागवायचं होतं, पण त्याहून मला हे जाणून घ्यायचं होतं की असं होतं कसं. माणूस पत्र हातात धरतो, वाचतो, आणि त्यातलं त्याला कळत नाही?

"तुम्ही दुसरं पान मुद्दाम सोडलंत का?"

"नाही."

"दिसलं नाही?"

"दिसलं असेल. बाईसाहेब, सगळ्या पत्रांचं पहिलं पान एकच असतं. मेल्याची बातमी असली तरी आधी इकडील सर्व खुशाल. सगळ्यांना नमस्कार. बायका तेवढं ऐकून खूश होतात, पदराला डोळे पुसतात. मग मी उलटणंच सोडलं. कधीपासून ते आठवत नाही."

मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तशा. पाचला शाळा सुटली की बायका यायच्या. एक पत्र एकदा वाचून भागत नसे. आधी आईला, मग उशिरा आलेल्या नणंदेला, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायको एकटी गाठायची. "बाई, माजं काय लिवलंय का?" पत्र सगळ्या घरासमोर वाचलं जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक, त्यामुळं बायकोचं नाव कधीच नसे. वेणूबाई सांगायच्या, "लिहिलंय हो, तब्येत जप म्हणून." पहिलं खोटं ते. ते खोटं मीही बोलले असते.

मग दोन घरांत वाईट बातम्या आल्या. त्याही वेणूबाईंच्याच तोंडून गेल्या. एका घरानं दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेतून काढली. सासू म्हणाली, त्या बाईचं तोंड नको बघायला. दुसऱ्या घरचे काही बोलले नाहीत, पण वेणूबाई रस्त्यानं निघाल्या की दारात उभ्या असलेल्या बायका आत जायच्या. आणि संध्याकाळी त्याच बायका पत्र घेऊन यायच्या.

"पहिल्या वर्षी मी रात्री रडायची," त्या म्हणाल्या. "मग रडू येईना. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, सवय झाली."

"मग तुम्ही मला का नाही कळवलंत? रजेचा अर्ज का नाही केला?"

"दोनदा लिहिला. अर्जावर पाटलांची सही लागते. त्यांनी शेरेबुक मागवलं आणि पान काढून दाखवलं. म्हणाले, बाईसाहेबांचा हुकूम हाय, खंड पडू नये. तुमीच वाचा."

शेरेबुक टेबलावरच होतं. मी उघडून बघितलं. ज्या पानावर माझी सही होती त्याचा कोपरा हातांनी मळला होता. इतर कुठलंच पान मळलेलं नव्हतं.

साताऱ्याला कचेरीत परतायच्या आत गावची तक्रार साहेबांपर्यंत पोचली होती. साहेब म्हणजे आमच्या कचेरीचे अंमलदार; माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रकरणं मिटलेली आवडत.

"काढून टाका तिला," ते म्हणाले. "पत्र वाचता येत नाही ती मुलींना काय शिकवणार?"

"पत्र वाचणं तिचं काम नव्हतं."

"गावाला तसं वाटत नाही."

"गावाला तसं वाटत नाही, कारण मी तसं लिहून दिलंय." मी माझ्या दोन्ही शेऱ्यांची नक्कल त्यांच्यासमोर ठेवली. "तिला काढायचं तर कागदावर हेही लागेल."

त्यांनी नक्कल वाचली, चष्मा काढला. "बाई, हे तुम्ही फाइलला लावलंत तर तुमच्या बढतीचं काय होईल ते कळतंय ना?"

"कळतंय."

"मग कशाला लावताय?"

मी म्हटलं, "आधी तानूबाईचा जबाब होऊ दे." ते म्हणाले, "घ्या तुम्हीच." त्यांना वाटलं असावं, त्या म्हातारीचं तोंड बघितलं की बाई आपोआप गप्प बसेल.

तीन आठवड्यांनी मी गेले. तानूबाई पुण्याहून आली होती. अंगणात शेंगा निवडत बसली होती. बाबू जिवंत होता, कुबडीवर चार पावलं टाकत होता. मी कागद काढला आणि म्हटलं, तुम्ही सांगाल ते लिहिते, एक शब्द बदलणार नाही.

"लिवा," ती म्हणाली. "पोराचा पाय गेला त्यो काय बाईनं तोडला न्हाई. त्ये मला कळतं. पर दीड म्हैना त्यो दाराकडं बगत पडला. शेजारच्या खाटंवरल्याची आई आली, बाईल आली, याचं कुनी न्हाई. मला म्हनाला, आये, तू रागावलीस व्हय माज्यावर? ह्ये कुनी भरून द्यायचं?"

मी लिहिलं.

"माज्या दारात ती बाई नगं. माजं पत्र तिच्या हातात पडाया नगं. लिवलं?"

"लिहिलं. आता एकच विचारते. तिला शाळेत ठेवायचं की नाही? तुम्ही नको म्हणालात तर ती जाईल."

तानूबाईनं शेंगा बाजूला केल्या. मी कसलीही सूचना दिली नाही. जिभेवर आली होती, गिळली. पाटील चावडीतून आले होते, ते मध्येच म्हणाले, "बोल की गं आत्ती, काढून टाका म्हन. दुसरी येईल."

"तू गप रं," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "आमच्या हौशीनं पान उलटलं. तिला कुनी शिकीवलं?"

"वेणूबाईंनी."

"मग तिला ऱ्हाऊ द्या. पर पोरी शिकवाया. बाकी कायबी नगं तिला सांगू." आणि अंगठा पुढं केला.

तो जबाब माझ्या नकलांसह फाइलला गेला. वेणूबाई राहिल्या. माझी बढती एका दुसऱ्या बाईंना मिळाली; त्या चांगल्या होत्या, तक्रार नाही.

आता व्यवस्था करायची होती. वेणूबाईंना दोन महिन्यांची रजा दिली, आणि वाईला न पाठवता साताऱ्याला माझ्या घरी ठेवलं. कचेरीत कुजबुज झाली. माझ्याकडं स्वयंपाकाला बाई होती, घरात मी एकटी. मी वेणूबाईंना सांगितलं, इथं चुलीशी गेलात तर परत पाठवीन. पहिले आठ दिवस त्या झोपल्या. जेवायला उठायच्या आणि परत झोपायच्या. इतकी झोप माणसात साठून राहते हे मला माहीत नव्हतं. मी रोज कचेरीतून आले की आधी ते बघायची. तिसऱ्या आठवड्यात माझ्या एका परिपत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका त्यांनी दाखवल्या, तेव्हा मी ओळखलं, बाई ठिकाणावर आल्या.

गावात नियम घातला. ज्या घरात चौथीची मुलगी आहे त्या घरचं पत्र तिनं वाचायचं, शेजारी घरातलं मोठं माणूस बसवून. बाकीच्यांची पत्रं रविवारी चावडीत, मुलांच्या शाळेच्या मास्तरांनी, पाटलांच्या बायकोसमोर. वाईट बातमी कुणीही एकट्यानं सांगायची नाही. हा नियम पूर्ण बरोबर होता असं मी म्हणत नाही. एका दहा वर्षांच्या मुलीनं आपल्या बापाचं तसलं पत्र वाचलं, आई शेजारी होती, नियमाप्रमाणे. ते ऐकल्यावर मी तिच्या घरी गेले नाही. जायला हवं होतं.

बाकीच्या शाळांतही मी विचारू लागले: शाळा सुटल्यावर काय करता? उत्तरं ऐकून थक्क व्हायची पाळी आली. एक बाई सगळ्या गावाची औषधं द्यायच्या, एक भांडणं मिटवायच्या, एका बाईंकडं अख्ख्या आळीचे दागिने ठेवायला होते. आणि यातल्या निम्म्या गोष्टींचं कौतुक माझ्या हस्ताक्षरात होतं.

पुढच्या वर्षी वेणूबाईंच्या शाळेत गेले. दाराबाहेरूनच गलका ऐकू आला. दोन मुली खिडकीत चढल्या होत्या, एकीच्या वहीवर शाई सांडली होती, आणि वेणूबाई वरच्या पट्टीत ओरडत होत्या. तपासणी लांबली. मी तिसरीचे हिशेब बघत होते तेवढ्यात त्यांनी घंटा वाजवली.

"बाईसाहेब, पाच वाजले."

"अजून शिवण राहिलंय."

"उद्या सकाळी बघा. मला दार लावायचंय."

मी बाहेर आले आणि त्यांनी खरंच कडी लावली. तानूबाईचं घर तिथून दिसतं. ती अंगणात होती, तिनं इकडं बघितलं नाही. वेणूबाईंशी ती आजही बोलत नाही.

पायरीवर तीन बायका बसल्या होत्या. एकीच्या हातात घडीचं पत्र होतं. रविवार तीन दिवस लांब होता आणि तिच्या घरात शिकणारी मुलगी नव्हती. ती नियम जाणून होती, म्हणून बंद दाराकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमी तरी वाचा. तुमाला येतंय न्हवं?"

मोटारीला वेळ होता. मी पायरीवर बसले आणि वाचू लागले. इकडील सर्व खुशाल असून. आत्याला नमस्कार, मामाला नमस्कार. तिघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. डोळे कागदावर असूनही मला ते चेहरे जाणवत होते. पहिलं पान संपलं, आणि त्या बाईनं सुटकेचा श्वास सोडून हात पुढं केला, पत्र परत घ्यायला.

मी दिलं असतं तर तिला काही कळलं नसतं. मी तीस शाळांची तपासनीस, अन् माझा हात त्या कागदाची कड धरून तसाच राहिला. मग मी पान उलटलं. मागं फक्त पत्ता होता.